फाईल त्याच्या हातात द्या

प्रश्न : धाकट्या भावाला (वय 36) चौदा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. आई-वडील गेल्यापासून त्याचं सगळं मीच बघते. आवाज ऐकू येणं थांबलंय, पण दिवसभर पडून असतो. घरी येणाऱ्या पुनर्वसन कार्यकर्त्या त्याच्यासाठी काम शोधू म्हणतात. पूर्ण बरा झाल्याशिवाय कसा पाठवू? मध्ये एकदा मला न सांगता औषधं आणायला गेला. दुकानदाराने जास्त ताकदीच्या गोळ्या दिल्या, त्या याने बदलून घेतल्या म्हणे. माझा जीव टांगणीला लागला होता. तेव्हापासून फाईल कुलपात ठेवते. मी थकले आहे.

उत्तर : ताई, तुमच्या कष्टांबद्दल नंतर कधीतरी बोलू. मी अडकले आहे ती त्या ‘म्हणे’पाशी.

स्वतःची गोळी किती मिलिग्रॅमची हे त्याला पाठ होतं. हातात पडलेली पट्टी त्याने वाचली, चूक पकडली आणि काउंटरपलीकडच्या माणसाला ‘ही नाही, ती द्या’ असं सांगितलं. एवढं जमावं म्हणून कार्यकर्ते महिनोन् महिने घासतात. त्याला शाबासकी काय मिळाली? कुलूप.

तो पडून असतो तो आळसाने नव्हे. ती मरगळ या आजाराचाच भाग आहे, आणि आवाजांवर चालणारी औषधं तिच्यावर फारशी चालत नाहीत. (कधी औषधाचीच गुंगी असते, तेही डॉक्टरांना विचारा.) करण्यासारखं काही समोर आलं तरच माणूस उठतो. म्हणून ‘आधी बरा, मग काम’ हा क्रमच उलटा आहे. अमेरिकेत 1990च्या दशकापासून आधी खरी नोकरी मिळवून द्यायची आणि लागेल तो आधार कामावर असतानाच द्यायचा, अशी पद्धत रुजली. आधी प्रशिक्षण, मग नोकरी या जुन्या वाटेपेक्षा तिने जास्त माणसं कामाला लागली.

आता कडू लागेल असं सांगते. जॉर्ज ब्राऊन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये 101 रुग्णांवर केलेला अभ्यास 1972 साली आला. ज्या घरांत टोचून बोलणं होतं किंवा गुदमरवणारी काळजी होती, तिथल्या 58 टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. बाकीच्या घरांत हे प्रमाण 16 टक्के होतं. काळजीसुद्धा त्याच यादीत आहे, ताई.

तेव्हा आज कपाट उघडा आणि फाईल त्याच्या हातात द्या. स्वतःला इजा करून घेईल या भीतीने डॉक्टरांनीच औषधं दूर ठेवायला सांगितली असतील, तर गोळ्या खुशाल कुलपात राहू देत. कागद कुणी गिळत नाही. पुढच्या तपासणीला फाईल घेऊन आत तो जाईल. तुम्ही बाहेर बाकावर बसायचं. हाक मारली तरच उठायचं.

आणि ती गोळ्यांची गोष्ट कार्यकर्त्यांच्या कानावर घातलीत का? पत्रावरून तरी नाही वाटत. आता तुम्ही सांगू नका. त्या येतील तेव्हा चहाचं निमित्त करून आत जा, त्यालाच सांगू दे.