रिपोर्ट नॉर्मल, तरी धडधड

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मला होतंय ते काय?’ आणि त्यापाठोपाठ, ‘गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत ना?’ मी थेरपिस्ट आहे; पॅनिक अटॅकचा, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा, त्रास घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात प्रश्नांची ही जोडी असते. उत्तर एका केसवरून देते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सुनीताताई चाळिशीच्या. पुण्यात राहायला धनकवडीला, नोकरी शिवाजीनगरला बँकेत. स्वारगेटहून मेट्रोने जायच्या. एका सकाळी मंडई सोडल्यावर, भुयारातच, छातीत धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या, दरदरून घाम, ‘आता मी चालले’ असं वाटणं. कसबा पेठेला उतरून थेट हॉस्पिटल. ईसीजी, टू-डी इको, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सगळं ठीक. ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं. (या वाक्याने कुणाचं टेन्शन कमी झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.) सासूबाईंनी दृष्ट काढली. मग भीतीने मेट्रोने जाणं सुटलं, बस सुटली, लिफ्टही सुटली. रोज रिक्षा, तीही वाटेत हॉस्पिटल लागेल अशा रस्त्याने.

पहिल्याच भेटीत त्यांनी पर्स उघडून दाखवली. पाण्याची बाटली, ग्लुकोजचा पुडा, घड्यांवर फाटत आलेला ईसीजी आणि अल्प्राझोलाम या घबराट लगेच शमवणाऱ्या गोळीची स्ट्रिप. गोळी क्वचितच घ्यायच्या, पण स्ट्रिप राहिली तर कोपऱ्यावरून परत घरी. माझ्या मते आजार त्या पर्समध्येच पोसला जात होता. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप ओसरतो. ते ओसरणं सुनीताताईंनी कधी पाहिलंच नव्हतं. प्रत्येक वेळी ‘उतरले म्हणून वाचले’, ‘स्ट्रिप होती म्हणून वाचले’.

कारण एकच नसतं. त्यांची आई एसटीत बसायला घाबरायची; थोडा कल घरातूनच येतो. वर्षभरापूर्वी वडील हृदयविकाराने गेले, तेव्हापासून सारखी नाडी बघायची खोड लागली. त्यात मार्चअखेर, अपुरी झोप आणि दिवसाला सहा-सात चहा. जरा धडधडलं की मन म्हणतं ‘हार्ट अटॅक’, त्या भीतीने अ‍ॅड्रिनलिन वाढतं, धडधड आणखी वाढते. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हेच चक्र मांडलं.

हृदय ठीक असल्याची डॉक्टरांकडून खात्री झालेली होती, म्हणून एकदा मी त्यांना खुर्चीत बसवून मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावले. (दमा, फिट, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हे करत नाहीत, घरी एकट्याने तर नकोच.) मिनिटभरात त्या थांबल्या, बोटं डोळ्यांसमोर धरून बघत राहिल्या. ‘अहो मॅडम, याच त्या मुंग्या!’ श्वास फार वेगाने झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यातून मुंग्या येतात, गरगरतं. मी तासभर समजावलं असतं तरी हे इतकं पटलं नसतं.

पुढे पायरी-पायरीने. आधी मंडई स्टेशनच्या फलाटावर नुसतं उभं राहायचं. मग मंडई ते स्वारगेट. मग उलट्या दिशेने, जिल्हा न्यायालयापर्यंत. पर्समधली एकेक वस्तू घरी राहू लागली, स्ट्रिप सगळ्यात शेवटी. यजमानांना दर स्टेशनला फोन करून ‘बरं वाटतंय ना?’ विचारणं बंद करायला सांगितलं. त्यांना ते बायकोच्या मेट्रोपेक्षा जड गेलं! मधे एकदा गाडी भुयारात थांबली आणि पुन्हा अटॅक आला. त्या बसून राहिल्या, घामाघूम ऑफिसला पोचल्या, दिवसभर काम केलं.

आता गोळ्यांचं. मी औषध देत नाही. सायकियाट्रिस्टनी त्यांना एसिटालोप्रॅम हे अँटिडिप्रेसंट गटातलं औषध दिलं. या गटातल्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढूही शकते आणि बरेच जण नेमके तेव्हाच सोडून देतात. त्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम बंदही करायच्या नाहीत. बरं वाटल्यावर काही महिने चालू ठेवून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. सवयीचा खरा धोका अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचा, आणि त्याच लोक शेजारणीकडून मागून घेतात. सौम्य त्रासात औषधाशिवाय, नुसत्या थेरपीनेही भागतं. कुठे जावं हेच कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.