सेफ होता, मग आऊट कसा?

प्रश्न : सर, मुलगा अमेरिकेला गेल्यापासून मलाही बेसबॉलचा नाद लागलाय. तिकडची रात्रीची मॅच म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये मोबाईलवर बघतो. परवा रनर घसरत सेकंड बेसवर आला, बॉलच्या आधी पोचला, अंपायरने सेफ दिला. मग समोरच्या मॅनेजरने चॅलेंज घेतलं, अंपायरने हेडसेट लावला आणि डायरेक्ट आऊट! आपल्या डीआरएससारखंच आहे का हे? आणि स्ट्राइकवर मॅनेजर चॅलेंज का घेत नाही?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमचा रनर आधी पोचला असणार, पण घसरण्याच्या झटक्यात पाय किंवा हात बेसच्या बॅगवरून किंचित उचलला गेला आणि त्या क्षणी फिल्डरचा बॉल धरलेला ग्लोव्ह अंगाला टेकलेला होता, की झाला आऊट. नियम जुनाच आहे हो, फक्त पूर्वी हे कुणाला दिसायचंच नाही, आता स्लो मोशनमध्ये दिसतं. मला विचाराल तर ही शुद्ध किटकिट आहे, रिप्ले काही यासाठी आणला नव्हता.

कशासाठी हवा होता ते 2010 मध्ये दिसलं. डेट्रॉइटचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आर्मांडो गॅलरागा, ओळीने 26 बॅटर आऊट, एकही बेसवर नाही, अजून एक काढला की परफेक्ट गेम. सत्ताविसावा फर्स्ट बेसवर चांगला पाऊलभर आधी आऊट होता आणि अंपायर जिम जॉइसने सेफ दिला! तेव्हा रिप्ले फक्त होमरनसाठी होता, 2008 पासून, त्यामुळे काहीच करता आलं नाही. मॅचनंतर जॉइसने व्हिडिओ बघून सरळ सांगितलं की माझं चुकलं. दुसऱ्या दिवशी टीमची यादी द्यायला गॅलरागा स्वतः होम प्लेटवर, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथे, गेला तर जॉइस डोळे पुसत होता. कॉल मात्र बदलला नाही, आजही रेकॉर्डमध्ये तो परफेक्ट गेम नाही.

मॅनेजरचं चॅलेंज आलं 2014 पासून. निकाल मैदानावर लागत नाही, न्यूयॉर्कच्या सेंटरमध्ये बसलेले अंपायर व्हिडिओ बघून हेडसेटवर सांगतात. मॅनेजरला सुरुवातीला एकच चॅलेंज, बरोबर ठरलं तर हातात राहतं. डीआरएसशी खरा फरक इथे आहे : आपल्याकडे अंपायर्स कॉल आला तर रिव्ह्यू वाचतो, तिकडे व्हिडिओत स्पष्ट दिसलं नाही म्हणून मूळ कॉल कायम राहिला तरी चॅलेंज गेलंच. आणि निकालावर हुज्जत घातली तर मॅनेजरला बाहेरचा रस्ता.

स्ट्राइकचं म्हणाल तर तिथे मॅनेजरला अधिकारच नाही. 2026 च्या सीझनपासून फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर लगेच डोक्यावर टपली मारून चॅलेंज करतो, डगआऊटकडे बघून विचारायचं नाही, टीमला दोन मिळतात आणि बरोबर आलं तर तेही शाबूत. कॅमेरे बॉलचा मार्ग पकडतात, स्ट्राइक झोन, म्हणजे ज्या चौकटीतून बॉल गेला की स्ट्राइक, तो बॅटरच्या उंचीवरून ठरतो, वरची कड उंचीच्या 53.5 टक्क्यांवर आणि खालची 27 टक्क्यांवर. हे मला बेसच्या रिप्लेपेक्षा कितीतरी बरं वाटतं, कारण निकाल काही सेकंदांत स्क्रीनवर येतो आणि खेळ पुढे सरकतो. पुढच्या मॅचला कॅचरकडे लक्ष ठेवा, प्लेटच्या बरोब्बर मागे तोच बसलेला असतो, त्याला बॉल सगळ्यात नीट दिसतो.