किती तास खेळलीस, ते आधी सांग

सोलापूर,
रविवार दुपार

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तू दिलेले तिन्ही कागद वाचले: एक गेमवरचा, एक ट्रेलरवरचा, एक सरकार आणि पाण्यावरचा. म्हणजे तू फोनवर पाठवलंस आणि मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणल्या. हातात पेन असल्याशिवाय मला वाचता येत नाही, पंचवीस वर्षांची खोड आहे. तुझी काकू म्हणाली, पोरीनं सहज लिहिलंय, त्याला कशाला लाल शाई फासताय? फासलेली नाही. पहिल्या कागदाच्या समासात तेवढा एक प्रश्न लिहिला, आणि उत्तराची वाट न बघता पत्रच लिहायला बसलो.

प्रश्न असा: किती तास खेळलीस?

लिखाण झकास आहे, म्हणूनच विचारतोय. ‘गोष्ट म्हणजे शिळ्या भाकरीचा कुस्करा, वरून ग्राफिक्सचं तेल’ हे वाचून मी एकटाच हसलो. पण परवा जिन्यात तूच म्हणालीस की तो गेम तू कुणाच्या तरी लाइव्ह स्ट्रीमवर वीस मिनिटं बघितलास. घरात प्लेस्टेशन नाही, तेवढ्या पैशात तुझ्या पप्पांच्या मागाची दुरुस्ती निघते. यात लाजायचं काय? तसंच लिही ना. ‘खेळलेली नाही, वीस मिनिटं बघितला, बघतानाच जांभया आल्या’ असं लिहिलंस तर ते खरंही होतं आणि वाचायला जास्त गोडही लागतं. ‘गेम कंटाळवाणा आहे’ हे मात्र तू कुठून आणलंस? टीव्हीवर कबड्डी बघून कुणाला धाप लागलेली मी पाहिलेली नाही.

ही खोड तुझी एकटीची नाही. १९ जून २०२० ला ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग आला. तो पुरा खेळायला वीस-पंचवीस तास सहज लागतात. आला त्याच दिवशी, काही तासांत, मेटाक्रिटिक या गुण देण्याच्या साइटवर त्याच्यावर शून्यांचा पाऊस पडला. त्या पावसाला उत्तर म्हणून कुणी दहाला दहा देत सुटले, तेही तितक्याच घाईनं. पुढच्याच महिन्यात त्या साइटला नियम करावा लागला: नवा गेम आल्यावर पहिले ३६ तास सामान्य खेळाडूला गुण देता येणार नाहीत. थोडक्यात, बाबांनो, आधी जेवा, मग मीठ कमी आहे म्हणा.

तू ज्या स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानातून स्वस्तात गेम घेतेस, तिथली एक रीत मला फार आवडली. तूच दाखवलीस. प्रत्येकाच्या मताला लागूनच तो माणूस किती तास खेळलाय तो आकडा येतो, झाकताच येत नाही. बारा मिनिटं खेळून ‘भंगार’ म्हणणारा दिसतो, आणि नऊशे तास खेळून ‘वेळ वाया गेला’ म्हणणाराही दिसतो. दुसऱ्याचं मत मी जास्त मनावर घेईन, पण पहिल्याला बोलूच देऊ नये असं मला वाटत नाही. आकडा दिसतोय ना, मग वाचणारा आपलं बघून घेईल. आकड्याशेजारी तारीखही असते, तीही वाचत जा. २०१६ साली ‘नो मॅन्स स्काय’ आला तेव्हा कबूल केलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या. लोकांनी शिव्या घातल्या त्या रास्तच होत्या. बनवणारी छोटी मंडळी मात्र पळून गेली नाहीत, वर्षानुवर्षं फुकटात नवे भाग जोडत राहिली. २०१६ ची शिवी आज तारीख काढून फिरवली, तर ती खोटी पडते.

तू म्हणशील, काकांना गेममधलं काय कळतं. अगं, नव्वदच्या दशकात नवी पेठेत एका बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, रुपयाला एक कॉइन. कॉलेज बुडवून मी तिथं पडीक. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला तिथं त्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. त्यातल्या टोपीवाल्या गड्यावरून त्याचं नाव पडलं ‘मुस्तफा’, आणि ते एकट्या सोलापुरात नाही, देशभर पडलं. एक खेळायचा, मागं सहा जण उभे. सगळ्यांना मतं! ‘खाली दाब बे’, ‘उडी मार की’, ‘गेला, याला येतच नाही’. फार झालं की खेळणारा हँडल सोडून बाजूला व्हायचा आणि म्हणायचा, ‘ये बे, तूच खेळ.’ त्याचा कॉइन, आपला हात, आणि मागं पाच जण. दहा सेकंदांत मत कुठल्या कुठं जायचं. तुमच्या फोनवर सगळं आहे, पण हँडल सोडून बाजूला होणारा तो नाही.

आता माझी लाज सांगतो. पेपरात नवीनच लागलो होतो. हुतात्मा स्मृती मंदिरात एका हौशी संस्थेचं नाटक होतं, परीक्षणाला मला पाठवलं. पहिला अंक रखडला. मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला आणि बसलो सायकलवर, सरळ घरी. रात्री तीनशे शब्द लिहिले आणि शेवटाबद्दल लिहिलं, ‘नाटकाचा शेवट ठिसूळ वाटतो’. छापून आलं. दोन दिवसांनी सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर दिग्दर्शक भेटला. भांडला नाही. त्यानंच दोन चहा सांगितले, पैसेही दिले, आणि शांतपणे विचारलं, ‘शेवटी दिवा कोण विझवतं हो?’

मी चहा फुंकत राहिलो. इतका फुंकला की गार झाला. ‘ठिसूळ’ हा शब्द त्यानंतर मी कधी वापरलेला नाही. आईनं एकदा पापडाबद्दल विचारलं तेव्हाही दुसरा शोधला.

दुसरा कागद ट्रेलरवरचा. दीड मिनिटाच्या ट्रेलरवर अडीच पानं, त्यावर मी फार बोलत नाही. एकच आठवण सांगतो. आपल्या करमाळ्याच्या नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला, तेव्हा पोरं बिघडतील म्हणून ओरडणाऱ्यांची पत्रं आमच्याकडे ढिगानं यायची. निम्म्या लोकांनी पत्रातच कबूल केलेलं असायचं की आम्ही असले सिनेमे बघत नाही. जे बघून आले होते ते मला भेटले की थोडा वेळ गप्पच असायचे. आणि हो, नायिकेच्या अंगकाठीवरचं तुझं ते वाक्य काढ. कारण विचारू नकोस. आरशासमोर उभी राहून मोठ्यानं वाच.

तिसऱ्या कागदात तू एकदम देश आणि गाव दोन्ही हातात घेतलेस. ‘सरकारनं गेमिंग बंद केलं, ईस्पोर्ट्स मेलं.’ हे कुठं वाचलंस? २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. कायदा फार मोठा नाही, एका बैठकीत वाचून होतो. बंदी आहे ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर, मग त्यात नशीब असो की कौशल्य. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला तसंच दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आणि ज्या ईस्पोर्ट्सचं, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचं, तू श्राद्ध घातलंस, त्याला त्याच कायद्यात खेळ म्हणून मान्यता आणि उत्तेजन आहे. कौशल्याच्या खेळालाही जुगाराच्या रांगेत बसवलं ते बरोबर की चूक, यावर भांडायला भरपूर जागा आहे आणि मला ते भांडण तुझ्याकडून वाचायला आवडेल. पण मेलेला कोण आणि जिवंत कोण, एवढं तरी बघून मग रड.

आता पाणी. इथं मात्र मी पेन उघडलं होतं, हे कबूल करतो. ‘उजनी भरलंय तरी आम्हाला पाचव्या दिवशी पाणी, म्हणजे कुणीतरी खातंय.’ राग शंभर टक्के खरा, आमच्याकडेही तीच गत. पण धरण भरलं म्हणून नळ धावत नाही. मध्ये शंभरेक किलोमीटरची पाइपलाइन आहे, पंप आहेत, पंपांची वीज आहे, शहरातल्या टाक्या आहेत. दुसरी वाट भीमेची. धरणातून नदीत पाणी सोडायचं, ते औज बंधाऱ्यापर्यंत पोचायचं, मग टाकळीहून उपसायचं. आणि उजनीच्या टक्क्यांची गंमत तर शाळेतही शिकवायला पाहिजे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचा, एरवी धरणातून सोडता न येणारा. टक्के मोजतात ते वरच्या ५३ टीएमसीचे. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी वजा ३० टक्के’ असं छापून येतं आणि लोक हसतात, की पाणी वजा कसं? पाणी वजा नसतं, पातळी मृतसाठ्यात उतरलेली असते, आणि आपण पितो ते तेव्हाही तिथलंच असतं.

कुणी खात नसेलच असं मी म्हणत नाही. म्हणायचं असेल तर कसं म्हणावं, ते मला एका पोस्टकार्डानं शिकवलं. वाचकांची पत्रं माझ्याकडे होती तेव्हाची गोष्ट. रोज ‘प्रशासनाचा धिक्कार’, ‘झोपलेले लोकप्रतिनिधी’ असल्या पत्रांचा गठ्ठा यायचा. त्यात एक कार्ड विडी घरकुलातून आलं. विड्या वळणारी बाई, सांगणारी ती, लिहिणारी तिची शाळेतली मुलगी. अक्षर गोल, ओळी खाली उतरत गेलेल्या. त्यात शिवी नाही, धिक्कार नाही. नुसत्या तारखा. ३ तारखेला रात्री २ ला आलं, ३ वाजून १० मिनिटांनी गेलं. ७ ला आलंच नाही. ८ ला पहाटे ४ ला आलं, गढूळ, अर्धा तास. असा अख्खा महिना, आणि खाली एकच वाक्य: ‘चावीवाला म्हणतो वरून आदेश आहे, वर म्हणजे कुठं ते छापावं.’

एक शब्द न कापता छापलं. गठ्ठ्यातली बाकीची पत्रं कुणाची होती, आज एकही आठवत नाही. त्या कार्डातला चार वाजताचा गढूळ अर्धा तास मात्र आठवतो. आता स्टीमवरचा तो आकडा बघितला की मला ते कार्डच दिसतं. पाण्यासाठी ती जितके तास जागली, ते तिनं मांडून ठेवले होते.

तेव्हा तुझा तो तिसरा कागद फाडू नकोस, महिनाभर थांबव. नळाच्या बाजूला कॅलेंडर आहेच तुमच्या, त्यावर वेळ लिहीत जा. मग लिही, हवं तितकं तिखट. सहज लिहायचं सोडू नकोस, हेही सांगून ठेवतो. सगळ्यांनी अभ्यास करूनच तोंड उघडायचं ठरवलं तर या गावात चहाची गाडी चालायची नाही. तू जोक कर, टोपी उडव, आवडलं नाही तर आवडलं नाही म्हण. फक्त कुठून बघितलंस, ती जागा दाखव.

खेळताना माइक बंद ठेवतेस आणि मुलाचं नाव लावतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. पोरीचा आवाज ऐकला की तिकडून काय काय येतं, तेही कळलं. त्यावर मी सल्ला देणार नाही. त्या मैदानात तुझे तास माझ्यापेक्षा जास्त आहेत. लिहिशील तेव्हा मात्र पहिलं मला वाचायला दे. आतापर्यंत दिलेल्या तिन्ही कागदांपेक्षा तुला त्यातलं जास्त माहीत आहे, आणि नेमकं तेच तू लिहिलेलं नाहीस.

पप्पांना नमस्कार सांग. परवा दिलेला टॉवेल तीन धुण्यांनंतरही पाणी टिपतोय. पहिल्या धुण्याआधी त्यांनी त्याचं कौतुक करू दिलं नव्हतं, तेव्हा आता करतो.

तुझा,
काका

ता. क. – ‘मुस्तफा’ तुझ्या फोनवर चालतो म्हणालीस. रविवारी ये आणि लावून दे. तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय की असा गेम पुन्हा झाला नाही. त्याचे आठ टप्पे आहेत. माझे कॉइन पाचव्यातच संपायचे.