अ‍ॅना गेल्यानंतरची एकोणीस प्रकरणं

प्रश्न : आमच्या वाचनगटात टॉलस्टॉयची 'अ‍ॅना कॅरेनिना' संपत आली आहे. सातव्या भागाच्या शेवटी अ‍ॅना रेल्वेखाली जीव देते. कादंबरी तिथेच संपायला हवी होती, असं बहुतेकांचं मत पडलं. पुढे सर्बियाचं युद्ध, दुसरा नायक लेव्हिन याची शेती आणि देवाधर्माचे विचार! आठवा भाग सोडला तर काही बिघडेल का? तुम्ही तो कसा वाचलात?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पहिल्यांदा मीही सोडला होता. कॉलेजात होते. मॉस्कोत छापलेली इंग्रजी पुस्तकं तेव्हा पुण्यात अगदी स्वस्तात मिळायची. अप्पा बळवंत चौकातून मी ती कादंबरी आणली आणि रात्री दीड वाजता, अ‍ॅना गेली तिथे, पुस्तक मिटून रडले. दुसऱ्या दिवशी आठवा भाग उघडला. 'दोन महिने होत आले होते,' अशी सुरुवात, आणि पुढे काय, तर लेव्हिनच्या सावत्र भावाचं, सर्गेई इव्हानोविचचं, सहा वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक कुणी विचारलंच नाही, याची हकिगत. मला संताप आला. इतकी मोठी बाई गेली आणि हा कुणाच्या पुस्तकाचं रडगाणं सांगतोय? पुस्तक कपाटात गेलं.

तुमच्या गटासारखं मत खुद्द संपादकाचंही होतं. 1875पासून ही कादंबरी ज्या मासिकात क्रमशः येत होती, त्याचे संपादक कात्कोव्ह यांनी 1877मध्ये आठवा भाग छापायला नकार दिला. खरं कारण सर्बियाला लढायला निघालेल्या स्वयंसेवकांबद्दल टॉलस्टॉयने लिहिलेलं त्यांना रुचलं नव्हतं. वाचकांना मात्र त्यांनी कळवलं की, नायिकेच्या मृत्यूबरोबर कादंबरी खरं तर संपलीच आहे. टॉलस्टॉयने तो भाग स्वतंत्र पुस्तिका काढून छापला.

मी तो वाचला माझी ताई गेल्यानंतर.

ताई जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली, चार दिवसांच्या तापाने. आजारी पडायच्या आदल्या दिवशी तिने कैरीचं लोणचं घातलं होतं. शनिवार पेठेतल्या तिच्या स्वयंपाकघरात, खिडकीखाली, दादरा बांधलेली ती पांढरी-पिवळी बरणी तशीच होती. वैकुंठ स्मशानभूमीतून आल्यावर तिसऱ्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "लोणचं खालीवर केलं का गं कुणी? बुरशी धरेल." साताऱ्याच्या आत्या म्हणाल्या, "अरे, सुतकात लोणच्याला शिवू नये." भाऊजी काही बोलले नाहीत. त्यांनी दादरा सोडला, कोरडा डाव घेतला आणि खालून वर, खालून वर, सगळं लोणचं हलवलं. मग पुन्हा दादरा बांधला. त्यांना गाठ नीट जमत नव्हती.

मला ते सहन झालं नाही. माझी बहीण जाऊन तीन दिवस झालेत आणि या माणसाला लोणच्याची पडलीय! ओंकारेश्वराला दहाव्याचे विधी झाले, तेराव्याचं जेवण झालं, मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पुढे वर्षभर नाही.

पुढच्या पावसाळ्यात कपाट आवरताना ते पुस्तक हाती लागलं आणि मी थेट आठवा भाग उघडला. या वेळी मला माणसं दिसली. अ‍ॅनाचा भाऊ स्तीवा बहिणीच्या प्रेतावर पडून हंबरडा फोडून रडला होता, पण स्टेशनवर अ‍ॅनाच्या प्रियकराला, व्रॉन्स्कीला, भेटायला जाताना ते रडणं तो साफ विसरलाय, त्याला समोर फक्त जुना दोस्त दिसतोय. स्वतः व्रॉन्स्की मरायलाच सर्बियाला निघालाय आणि त्याची दाढ ठणकतेय. पोत्यांच्या थप्पीच्या सावलीत तो पिंजऱ्यातल्या जनावरासारखा येरझाऱ्या घालतो, दाढेच्या कळा त्याला धड बोलू देत नाहीत. इतक्यात रुळांवरून संथ सरकत येणाऱ्या डब्याची चाकं त्याला दिसतात. दाढ विसरली जाते. स्टेशनातल्या टेबलावर ठेवलेला तिचा देह, जड वेण्यांसकट शाबूत राहिलेलं तिचं डोकं, सगळं समोर उभं राहतं आणि त्याचा चेहरा हुंदक्याने वाकडा होतो. दाढदुखी ते चाकं, हे जेमतेम एक पान आहे. ते मी त्या दिवशी तीनदा वाचलं.

आणि डॉली, अ‍ॅनाची भावजय. लेव्हिनच्या मधमाश्यांच्या पेट्यांजवळ मुलांना काकड्या आणि मध वाटून झाल्यावर ती सांगते की, सर्गेईच्या गाडीत व्रॉन्स्की होता. काकड्या आणि मध! त्या ओळीपाशी मला बरणी दिसली, आणि भाऊजींचा डाव धरलेला हात. ते लोणचं ताईचं होतं. तिच्या हातचं शेवटचं. ते नासू द्यायचं नाही, एवढंच एक काम त्या दिवशी त्यांच्या हातात उरलं होतं. ते मला एका रशियन कादंबरीतल्या काकड्या वाचताना कळलं, याची आजही लाज वाटते. त्याच संध्याकाळी मी शनिवारात गेले. भाऊजींनी काही विचारलं नाही, चहा टाकला.

युद्धावरची चर्चा मात्र मलाही कंटाळवाणी वाटते, ती भरभर वाचा. लेव्हिनची घाई करू नका. घरदार, बायको, तान्हं मूल, सगळं असलेला हा धडधाकट माणूस गळफास घेऊ नये म्हणून दोरी लपवून ठेवतो. अ‍ॅनाला तो आयुष्यात एकदाच भेटलाय, पण ती ज्या कड्यावरून गेली त्याच कड्यावर तोही उभा आहे. फ्योदोर नावाच्या शेतकऱ्याच्या एका साध्या वाक्याने त्याला वाट दिसते. आणि तेवढ्यात गाडीवानाने लगामाला हात लावला म्हणून तो त्याच्यावर खेकसतो.

शेवटच्या प्रकरणात तो रात्री गच्चीवर उभा आहे, आकाशगंगा दिसतेय, लांब वीज चमकतेय. आता बायकोला, किटीला, सगळं सांगावं, असं त्याच्या ओठांवर येतं. आणि ती म्हणते, जरा कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन बघ ना, सर्गेई इव्हानोविचसाठी तोंड धुवायचा नवा स्टँड ठेवलाय का. तो 'बरं' म्हणतो, आणि मनातलं मनातच ठेवतो.

तेव्हा सोडू नका. गटात वेळ कमी असेल तर पाचवं आणि एकोणिसावं प्रकरण तरी कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि पाचवं वाचणाऱ्याला सांगा, दाढेपाशी सावकाश.