ब्राइटनेस १०० वर नेला आणि काळा रंग राखाडी झाला

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ४३ इंची स्वस्तातला टीव्ही घेतला, दुकानात चित्र झकास दिसलं, घरी मात्र माणसांचे चेहरे उन्हात रापल्यासारखे लाल. रात्रीच्या दृश्यात काही दिसेना म्हणून ब्राइटनेस १०० वर नेला, तर सगळ्या चित्रावर राख फासल्यासारखी झाली. टीव्ही परत करावा का?

इतक्यात नको. घोळ बराचसा नावाचा आहे. बहुतेक टीव्हींवर ब्राइटनेस म्हणजे उजेड नव्हेच. काळा रंग किती काळा दिसावा हे तो ठरवतो. तो वाढवला की काळ्याचं राखाडी होतं, नेमकं तुमच्याकडे झालंय तसं. खरा उजेड बॅकलाइटने, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याने वाढतो. (काही कंपन्या ब्राइटनेस हे नाव बॅकलाइटलाच देतात आणि काळ्यासाठी ब्लॅक लेव्हल असा वेगळा पर्याय ठेवतात. खात्री करायची तर पडद्यावर निव्वळ पांढरं काही आणा आणि शंका असलेला पर्याय वर-खाली करा. पांढरा लख्ख-मंद झाला की समजायचं, उजेडाचं बटण हेच.)

पण आकड्यांना हात लावण्याआधी पिक्चर मोड बदला. विविड किंवा डायनॅमिक हा मोड दुकानातल्या झगझगाटात शेजारच्या टीव्हीवर मात करायला असतो. तुमचे लाल चेहरे बहुधा त्याचीच देणगी. सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर मोड घ्या. पहिल्यांदा चित्र पिवळट आणि मरगळलेलं वाटेल. मलाही वाटलं होतं आणि मी तासाभरात जुन्या मोडवर परतलो होतो, ती चूक करू नका. कलर टेंपरेचर वॉर्म ठेवा आणि दोन-तीन दिवस तसंच बघा. चित्रपट-मालिकांचे रंग ६५०० केल्विनच्या पांढऱ्यावर बेतलेले असतात आणि वॉर्म सहसा त्याच्या जवळ जातं. कूलमधला निळसर पांढरा डोळ्यांच्या सवयीमुळे शुभ्र वाटतो, इतकंच.

मग टीव्हीचा आगाऊपणा बंद करा: डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन, इको मोड. हे चालू असताना तुम्ही एक ठरवणार आणि टीव्ही दृश्यागणिक ते मोडणार. मोशन स्मूदिंग असेल तर तेही घालवा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. मधल्या फ्रेम टीव्हीने स्वतः रचल्या की चित्रपट टीव्ही मालिकेसारखा दिसतो. क्रिकेट बघताना मात्र हवं तर ठेवा.

आता आकडे. दिवे रोजच्यासारखे ठेवा आणि बॅकलाइट डोळ्यांना सुखावेल इतका करा. मग काळा कोट किंवा काळे केस असलेलं अंधारं दृश्य थांबवून ठेवा. कोटाच्या चुण्या गडप होईपर्यंत ब्राइटनेस कमी करा, आणि त्या जेमतेम परत दिसतील इतका वर आणा. कॉन्ट्रास्टसाठी हाच खेळ पांढऱ्या शर्टावर करा: वाढवत जा, शर्टाच्या घड्या पुसल्या जाऊ लागल्या की एक-दोन पावलं मागे. कलर चेहऱ्याकडे बघून ठरवा, झाडांकडे बघून नव्हे. झाड कितीही हिरवं खपून जातं.

शार्पनेसबद्दल गैरसमज फार. त्याने नवा तपशील येत नाही, फक्त कडा गिरवल्या जातात. सबटायटलच्या अक्षरांभोवती पांढरट वलय दिसतंय का बघा आणि ते जाईपर्यंत कमी करा. कुठल्या टीव्हीवर ते ० वर जातं, कुठल्यावर मधल्या आकड्याला. दुसऱ्याचे आकडे उतरवून घेऊ नका असं मी म्हणतो ते यासाठीच.

एचडीआरचं (लख्ख उजेड आणि गडद काळोख यातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राचं) दुखणं वेगळं. खोक्यावर एचडीआर लिहिलेलं असतं म्हणजे टीव्ही तो सिग्नल घेतो, एवढाच अर्थ. असे चित्रपट बरेचदा १००० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरून तयार केलेले असतात आणि स्वस्त पॅनेल २५०-३०० च्या आसपास दमतं. म्हणून एचडीआर सुरू झालं की चित्र उलट मंद वाटतं. तिथली सेटिंग्ज वेगळी साठवली जातात. बॅकलाइट पूर्ण वर न्या, तरी अंधारच असेल तर स्ट्रीमिंग डिव्हाइसमधून एचडीआर बंद करा. यात कमीपणा काही नाही, माझ्या बेडरूममधल्या टीव्हीवर ते कायम बंदच असतं.

इतकं करूनही चित्रपटाच्या वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या रात्री थोड्या राखाडी दिसतीलच, कारण एलसीडीमागचा उजेड थोडा झिरपतो. एलसीडीच्या दोन प्रकारांपैकी आयपीएस पॅनेलवर जास्त, व्हीए वर कमी. टीव्हीच्या मागे एक मंद दिवा लावलात तर पट्ट्या लगेच काळ्या वाटतील.

आता एकच सांगा: राखाडी चित्र टीव्हीतल्या ॲपवरही दिसतं, की फक्त सेट-टॉप बॉक्सवर? फक्त बॉक्सवर असेल तर एचडीएमआय ब्लॅक लेव्हल किंवा आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे कुठून कुठपर्यंत मोजायचे ते ठरवणारी सेटिंग) बघा. बॉक्सवर १६ ते २३५ आणि टीव्हीवर ० ते २५५ असं असलं, तर ब्राइटनेसशी कितीही झगडलात तरी राख जाणार नाही.