फायबर घ्या, पण पुढच्या महिन्यातला हप्ता भरू नका

विलेपार्ल्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ६४, खासगी कंपनीतून निवृत्त, पत्नी ६१ वर्षांच्या, घर स्वतःचं. त्यांचा प्रश्न असा: "घरचा लँडलाइन नंबर चौतीस वर्षं तोच आहे. गावाकडचे सगळे नातेवाईक त्याच नंबरवर फोन करतात. आता सोसायटीत फायबर आलंय. लँडलाइनचं बिल आणि डोंगलचा खर्च मिळून महिन्याला ८८० रुपये जातात. फायबरचा छोटा प्लॅन जीएसटी धरून ४७० ला पडतो, फोनही त्यातच मिळतो. जुना नंबर ठेवून फायबर घेता येईल का? वाचलेल्या ४०० रुपयांची म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक (एसआयपी) केली तर १५ टक्क्यांनी वीस वर्षांत ६ लाख होतील, असं बँकेतल्या मॅडम म्हणाल्या. त्यांनीच दिलेल्या हमी उत्पन्नाच्या पॉलिसीचा ३ लाखांचा तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात एफडी मोडून भरायचा आहे, तेव्हा फायबरचं त्याआधीच उरकावं म्हणतो."

काका, आधी फोनचं सांगतो, कारण ते लवकर संपेल.

मोबाइलचा नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो. ती सोय २०११ पासून देशभर आहे. लँडलाइनला ती सोय नाही. दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलंत तर त्यासोबत नवा नंबर मिळेल, ०२२ चाच, पण तुमचा नव्हे. दारात आलेला विक्रेता "तोच नंबर करून देतो" म्हणाला तर त्याला ते लिहून द्यायला सांगा. तुमच्या आत्ताच्याच कंपनीचं फायबर इमारतीत येत असेल, तर एक्सचेंजमध्ये जाऊन जुना नंबर फायबरवर घ्यायचा अर्ज द्या. लेखी होकार हातात पडेपर्यंत जुनी लाइन बंद करायची नाही.

ते जमलं नाही तर दोन-तीन महिने दोन्ही चालू ठेवा. त्या काळात नातेवाईक, गॅस एजन्सी, बँक, पेन्शन ऑफिस, सगळीकडे नवा नंबर कळवा. मग जुनी लाइन लेखी अर्ज देऊन बंद करा आणि अनामत रक्कम त्याच अर्जात मागा. वर्षाचे पैसे एकदम भरून 'सवलत' घेऊ नका. पहिला पावसाळा महिन्याच्या बिलावर काढा, सेवा कशी आहे ते कळेल. तुम्हा दोघांना व्हिडिओ कॉल आणि टीव्हीसाठी ३० एमबीपीएस पुरतात, हजाराचा ओटीटीवाला प्लॅन नको. आणखी एक लक्षात असू द्या. जुन्या तांब्याच्या लाइनला वीज एक्सचेंजमधून मिळते, म्हणून घरातले दिवे गेले तरी फोन चालतो. फायबरचा फोन घरच्या विजेवर चालतो. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या, दीड-दोन हजारांचं काम आहे.

एसआयपीचं गणितही बघू. १५ टक्के धरले तर वीस वर्षांत ६ लाख होतात, हे बरोबर. पण वीस वर्षं सलग १५ टक्के मिळतील हे कोणी कशाच्या भरवशावर सांगितलं? १० टक्के धरा, ३ लाख होतात. तेव्हा तुम्ही ८४ वर्षांचे असाल आणि ६ टक्के महागाईत त्या ३ लाखांची किंमत आजच्या एका लाखाच्या आत असेल. चारशे रुपये घरात वापरा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत त्याबद्दल. तुमच्या पत्राला जोडलेले आकडे असे आहेत: दोन हप्त्यांचे ६ लाख गेल्यावर एफडीत ४८ लाख उरलेत. ईपीएसची (प्रॉव्हिडंट फंडाची) पेन्शन महिन्याला ३ हजार. घरखर्च ३२ हजार, म्हणजे वर्षाला पावणेचार लाखांच्या थोडं वर. पॉलिसीत दहा वर्षं ३-३ लाख भरायचे आणि पंधरा वर्षांनी ५० लाख मिळायचे.

मॅडमनी "२० लाखांचा करमुक्त फायदा" असं सांगितलंय. ३० लाख भरून १५ वर्षांनी ५० लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम ५ टक्के. एफडी ७ देते. करमुक्त हा शब्द तुमच्या उपयोगाचा नाही, कारण नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर आता कर पडत नाही आणि तुमचं व्याज त्याच्या आसपासही जात नाही. जो कर लागूच होत नाही तो वाचवायला तुम्ही दोन टक्के कमी व्याज घेताय.

पण परतावा हा यातला लहान दोष आहे. खरा घोळ पैसा हातात कधी येणार त्याचा आहे. पगार थांबला आहे, तरी वर्षाला ३ लाखांचा हप्ता. तो कुठून येणार? एफडीतूनच. घरखर्चातून पेन्शन वजा केली तर साडेतीन लाख उरतात. त्यात हप्ता मिळवा, वर्षाला साडेसहा लाख बाहेर जातात. हप्ता गेल्यावर उरलेल्या ४५ लाखांवर व्याज सव्वातीन लाखांच्या आत. म्हणजे पहिल्याच वर्षी मुद्दलातून सव्वातीन लाखांहून जास्त जातात. मुद्दल घटलं की व्याज घटतं आणि खर्च महागाईने वाढत राहतो. मी ७ टक्के व्याज आणि ६ टक्के महागाई धरून पुढचं मांडून पाहिलं. तुमच्या बहात्तर-त्र्याहत्तराव्या वर्षी एफडी संपते. पॉलिसीचे ५० लाख येतात सत्याहत्तराव्या वर्षी. मधली चार वर्षं तुम्ही आणि काकू कशावर जगणार? हा प्रश्न विकताना कोणी विचारला नाही याचा मला खरंच संताप येतो. निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झालेले बँकेला दिसतात आणि त्याच आठवड्यात पॉलिसीचा फॉर्म समोर येतो. असे फॉर्म मी फार पाहिलेत.

तुम्ही बँकेत गेलात की ते सांगतील, "दोन हप्ते भरलेत, आता सोडलं तर नुकसान." यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते आत्ताच तपासू. गेलेले ६ लाख बाजूला ठेवून, आता सोडलं तर जे परत मिळेल ते हिशोबात धरून, फक्त उरलेले आठ हप्ते बघितले, तर त्यांच्यावरचा परतावा सहा-सात टक्के दिसतो. वाईट नाही, पण एफडीपेक्षा जास्तही नाही. आणि तो पैसा तेरा वर्षं अडकतो, जो तुम्हाला महिन्याच्या किराण्याला लागणार आहे. "विमाही मिळतो ना" असंही म्हणतील. तुमच्या कमाईवर कोणी अवलंबून नाही, मुलगा कमावता आहे. काकूंना लागते ती हातातली रक्कम, आणि हीच पॉलिसी ती संपवतेय.

म्हणून तिसरा हप्ता भरू नका. खात्यावर हप्त्याचं ऑटो डेबिट असेल तर ते आजच बंद करा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस पिरिअड, म्हणजे तारखेनंतरची सवलतीची मुदत असते. तेवढ्या वेळात विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती मिळतील, आणि पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर मुदतीला किती. सरेंडरमध्ये ६ लाखांतला बराच भाग जाईल असं धरून चला. पेड-अपमध्ये दहापैकी दोन हप्त्यांच्या प्रमाणापेक्षा थोडं कमी, समजा ८ लाखांच्या आसपास, पण ७७ व्या वर्षी. तसे आकडे आले तर मी पेड-अप करून ठेवीन, कारण एफडीतले ४८ लाख तुम्हाला सध्या पुरतात.

त्याचबरोबर प्रपोजल फॉर्मची प्रत मागा. त्यात तुमचं वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय आणि ते कुठून येतं म्हटलंय, ते वाचा. निवृत्त माणसाच्या फॉर्मवर नोकरी आणि मोठा पगार लिहिलेला असेल, तर तोच तुमचा पुरावा. पहिल्यांदा विमा कंपनीकडे लेखी तक्रार, सोबत विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' पोर्टलवरही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे. त्यांचं मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, पार्ल्याहून एक स्टेशन. फी नाही, वकील लागत नाही. मिळेलच असं नाही, पण दोन्ही हप्ते परत मागायची तीच जागा आहे. पॉलिसीवर पुढची सही करण्याआधी हे करा.

आणि ४८ लाखांचं काय? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के व्याज आहे, खातं उघडतानाचा दर पाच वर्षं तोच राहतो, माणशी मर्यादा ३० लाख. तुमच्या नावावर ३० लाख, काकूंच्या नावावर १२ लाख. तुमच्या ३० लाखांचे दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात येतील. दोघांचे मिळून वर्षाला साडेतीन लाखांच्या जरा आत. उरलेले ६ लाख एफडीत ठेवा, अडीअडचणीला. त्याचं व्याज आणि पेन्शन धरून वर्षाचे सव्वाचार लाख होतात आणि आजचा घरखर्च मुद्दलाला हात न लावता भागतो. पुढे महागाईने मुद्दलातून काढावं लागेलच, पण ती वेळ काही वर्षं लांब जाते. चालू एफडी मुदत संपेल तशा वळवा. ज्यांना अजून वर्ष-दीड वर्ष आहे त्या मोडल्यास दंड किती ते आधी विचारा आणि तो जादा व्याजातून निघत असेल तरच मोडा. पोस्टातही खातं उघडतं, म्हणजे त्याच बँकेत त्याच टेबलासमोर पुन्हा बसावं लागणार नाही.

मेडिक्लेम मुलाच्या ऑफिसचा आहे असं लिहिलंत. त्याने नोकरी बदलली की तो संपतो. तुमच्या दोघांच्या नावाने स्वतंत्र पॉलिसी घ्या आणि त्याचा हप्ता मुलाला भरायला सांगा. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तेव्हा हे याच वर्षी.

कंपनीचे दोन्ही आकडे आले की मला कळवा, सरेंडर की पेड-अप ते तेव्हा नक्की करू.