वस्तीतले लोकच शॉपिंग सेंटरचे मालक होऊ शकतात का?

हो, आणि झालेत पण! अमेरिकेत फिलाडेल्फियात पाद्री लिऑन सलिव्हन यांनी 1962 मध्ये चर्चमधल्या लोकांना सांगितलं, महिन्याला 10 डॉलर द्या, असे 36 महिने, आणि त्यातूनच 1968 ला प्रोग्रेस प्लाझा उभा राहिला, कृष्णवर्णीयांच्या मालकीचा. सॅन दिएगोत मार्केट क्रीक प्लाझाचे शेअर्स 2006 मध्ये तिथल्याच रहिवाशांना विकले. पण माझ्या मते पैसे जमवणं त्यामानाने सोपं (सोपं म्हणजे काय, वर्षं जातात), खरं डोकं खातो तो मोठा भाडेकरू, म्हणजे सुपरमार्केट, कारण ते आलं नाही तर गर्दी नाही, गर्दी नाही तर छोटी दुकानं टिकत नाहीत, आणि बँक म्हणते आधी त्याचं लीज (भाडेकरार) दाखवा मग लोनचं बोलू. म्हणून आधी सुपरमार्केटवाल्याला गाठा, नकाशे नंतर काढा.